तारेवर अडकलेला माणूस

बरं, सांगूनच टाकतो. तसंही आमच्या स्मृति नगरात हा किस्सा मी सोडून सगळ्यांचा सांगून झाला आहे, आणि प्रत्येकानं त्यात आपल्या पदरचं तिखटमीठ घातलं आहे. परवा कोहक्याचा भाजीवाला मला विचारतो, "काका, तुमच्यासाठी फायर ब्रिगेड आली होती म्हणे?" साफ खोटं! फायर ब्रिगेड नव्हती आली. फक्त शिडी आली होती. तेव्हा गाढवपणा माझा आहे, तर तो माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, आणि मध्ये हसू नका.

मी मोरेश्वर. सगळी नोकरी दुर्गजवळच्या पोलाद कारखान्यात, आमच्या भाषेत प्लांटमध्ये, इलेक्ट्रिशियन म्हणून केली. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. माझे बाबा इथंच रेल्वेत बत्तीवाले होते. म्हणजे काय, तर संध्याकाळ झाली की खांद्यावर शिडी, हातात तेलाची बरणी, आणि सिग्नलचे कंदील एकेक करून पेटवत लाइनीच्या कडेनं चालत जायचं. ते कंदील केव्हाच गेले, ती नोकरीही गेली. बाबा मात्र आहेत. नव्वदीला टेकलेत. दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड कळतो, त्यातही लाल रंग तेवढा बरा ओळखू येतो. माणूस त्यांना चालण्यावरून कळतो, आणि वस्तू हात लावून.

तर या बाबांना माझा धाकटा भाऊ नागपूरला घेऊन जाणार होता, कायमचं. त्याच्याकडे तळमजला, माझ्याकडे जिना, एवढंच कारण. रविवारी संध्याकाळी साडेसहाची दुर्गवरून गाडी. जायच्या चार दिवस आधी जेवताना बाबा म्हणाले, "मोऱ्या, जाण्याच्या अगोदर एकदा त्या गिरजात नेशील का मले?"

लाइनीपलीकडे जुनी रेल्वे वस्ती आहे ना, तिथं चिंचेखाली एक एवढंसं चॅपल आहे. लाल विटांचं, कौलारू, पंधरा-वीस माणसं बसली की भरलं. प्लांटचं नाव कोणी ऐकलं नव्हतं तेव्हापासूनचं. रेल्वेच्याच लोकांनी बांधलेलं, म्हणून वेदीसमोर टांगलेला दिवासुद्धा रेल्वेचा, सिग्नलचा कंदील, लाल काचेचा! बाबा स्टेशनचे कंदील पेटवून झाले की परत येताना तोही पेटवायचे. ड्युटीत नव्हतं ते. पण तेल उरायचं आणि वाट तिकडूनच होती.

"तो लाल उजेड असला त दिसन मले," बाबा म्हणाले. "एकदा पाहून घेतो. मंग नागपूर काय आन् दिल्ली काय."

आता सांगा, कोणता मुलगा नाही म्हणेल? मी हातातला घास ताटात ठेवला आणि जाहीर केलं, "बाबा, रविवारी तुमच्या डोळ्यांसमोर ती बत्ती लागेल म्हणजे लागेल."

आमची शोभा वाढता वाढता थांबली. "अजी, अगोदर जाऊन तरी पाहा, बत्ती आहे का नाई ते."

"मी एकदा ठरवलं की ठरवलं!"

"त्याचंच भेव वाटते मले," ती म्हणाली. छत्तीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

शनिवारी सकाळी मी स्कूटरवर पिशवी टाकून चॅपलवर हजर. चावी मार्थाबाईंकडे असते. रेल्वे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, नागपूरकडच्याच. त्यांचे मिस्टर गार्ड होते. नजर अशी की मला उगाचच गृहपाठ राहिल्यासारखं वाटलं. बत्ती जागेवर होती. आतला तेलाचा भाग काढून कोणीतरी पूर्वी त्यात बल्ब बसवला होता, आणि तो बल्ब कित्येक वर्षं बंद होता.

"तिघं मिस्तरी पाहून गेले," मार्थाबाई म्हणाल्या. "तिघंही म्हणाले, वायरिंग जुनी आहे, हात लावू नका."

"बाई, ते मिस्तरी होते. मी प्लांटचा माणूस आहे."

आता हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

प्लांटच्या माणसाची गोष्ट वेगळी असते हो. आम्ही विजेच्या कामाला हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप लावतो, वर लाल टॅग टांगतो, 'काम चालू आहे, हात लावू नये', आणि चावी आपल्या खिशात. ते कुलूप दुसरा कोणी काढणार नाही. तोडणार तर नाहीच. कारण त्या कुलपाचा अर्थ असा की त्या तारेवर कुठंतरी एक जिवंत माणूस आहे. माझं कुलूप तर आणखी खास. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी आपल्या बत्तीखोलीचं पितळी कुलूप माझ्या हातात ठेवलं होतं. "हे तुह्या जिवाचं कुलूप. याची चावी कोनाच्याच हातात देऊ नको." मी त्याला लाल रंग दिला आणि निवृत्त होईपर्यंत तेच वापरलं. लोक निवृत्त होताना शाल घेऊन घरी येतात, मी कुलूप आणि टॅग घेऊन आलो.

तेव्हा चॅपलमध्येही मी शिस्तीत मेन बंद केला, कुलूप लावलं, टॅग टांगला. दोन तास घाम गाळला. वायर बदलली, होल्डर बदलला, काच पुसली. कुलूप काढलं, मेन चालू केला, बटण दाबलं, आणि काय सांगू! ती लाल बत्ती अशी लागली की मार्थाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी चहा आणि केकचा तुकडा दिला. मी चॅपलच्या भिंतीकडे बघत, मालक असल्यासारखा, चहा प्यालो. निघताना बत्तीची साखळी कुरकुरते असं वाटलं, तर शिडी लावून तिला तेल घातलं. तेवढ्यात शोभाचा फोन, "बाबाची बॅग भराची आहे, या लवकर." निघालो.

रविवारी चार वाजता उपासना. शोभा आणि बाबा सामानासकट ऑटोनं आले, तिथूनच पुढे दुर्ग; भाऊ स्टेशनवरच भेटणार होता. मी स्कूटरवर. बाबांना मी पुढच्या बाकावर, बरोबर बत्तीखाली बसवलं. मार्थाबाईंनी मंडळींना आधीच सांगून ठेवलं होतं की आज बत्ती लागणार आहे, त्यामुळे सगळे माना वर करून बसले होते. मी बटणाजवळ उभा राहिलो. घसा साफ केला. खरं म्हणजे दोन शब्द बोलायचेही ठरवले होते, पण मार्थाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून विचार बदलला.

बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा. पंखेही बंद! पुढच्या बाकावरून बाबांचा आवाज आला, "लावली का रे?"

"लावतोच आहे, बाबा."

तेवढ्यात साहू मागच्या खोलीतून आला. साहू म्हणजे मार्थाबाईंचा शेजारी, अजून प्लांटमध्ये नोकरीला असलेला, सज्जन माणूस. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "भैया, मेन बंद है। ताला लगा है। लाल टैग भी है।"

मी मागच्या खोलीत धावलो. दाराआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मेन स्विच, आणि त्यावर खरंच लाल टॅग! टॅगनं कुलूप पूर्ण झाकलेलं, फक्त वरची कडी दिसत होती. मी हातभर अंतरावर थांबलो. का? कारण दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही. साऱ्या नोकरीत लावला नाही, आता देवाच्या दारात लावू?

"साहू, तू लावलास का हे?"

"मैं काबर लगाहूँ, भैया?" म्हणजे तो कशाला लावेल! "मेरा ताला तो प्लांट में है।"

म्हणजे तिसराच कोणीतरी! डोकं भराभर चालायला लागलं. चॅपलची विजेची लाइन रेल्वेच्या क्वार्टरांकडून येते. नक्कीच रेल्वेचा कोणी माणूस लाइनीवर काम करत असणार. रविवारचा, एकटा! मनातून मी त्या माणसावर खूश झालो. म्हटलं, वा, रेल्वेतही शिस्तीची माणसं आहेत.

साहूनं सुचवलं, "मेरे घर से तार खींच देते हैं। दो मिनट का काम है।"

"खबरदार!" मी असा ओरडलो की बाहेर गाणं म्हणणारी मंडळी एक ओळ विसरली. "तो माणूस तारेवर असला आणि आपण इकडून करंट सोडला तर? मरेल ना बिचारा!"

साहूनं कान पकडले. साहू प्लांटचा माणूस आहे. त्याला पटलं. इथंच घोळ झाला बघा. त्या खोलीत एक जरी अडाणी माणूस असता, तरी मी वाचलो असतो.

घड्याळात सव्वाचार. मी बाबांजवळ जाऊन बसलो. "बाबा, दहा मिनिटं. लाइनीवर एक माणूस आहे, तो उतरला की झालं."

"असू दे ना, बापा. उतरू दे त्याले आरामात," बाबा म्हणाले. "मी काडीनं लावत होतो, तवा कोनाची वाट पाहा लागत नव्हती."

हे टोमणा म्हणून नव्हते म्हणाले ते. पण लागलं. मी उठलो, स्कूटरला किक मारली आणि थेट रेल्वेच्या बिजली ऑफिसात.

तिथं रविवारी एकच माणूस ड्युटीवर होता आणि तो डबा खात होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आज हमारा कोई लाइन पर नहीं है, अंकल।"

"कसं नाही? टॅग आहे! तुमच्या सगळ्या माणसांची हजेरी घ्या. आत्ता. फोनवर!"

मी एकदा ठरवलं की ठरवलं, हे त्यालाही कळलं असावं. बिचाऱ्यानं डबा बाजूला सारून सातही लाइनमनना फोन लावले. कोणी घरी झोपला होता, कोणी सिविक सेंटरला बायकोबरोबर चप्पल घेत होता. सातच्या सात जिवंत. मग त्या कुलपाचा माणूस कोण? त्या ड्युटीवाल्यालाही आता काळजी वाटायला लागली. तो लोखंड कापायचं कटर घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसला.

परत आलो तर पाच वाजायला आले होते. त्यानं खोलीत शिरल्याबरोबर कटर उघडलं. मी मेन स्विचसमोर दोन्ही हात पसरून उभा! "आधी माझ्या अंगावरून जा, मग या कुलपाला हात लाव. यामागे एका माणसाचा जीव आहे!" हे मी म्हणालो. शब्दशः. मार्थाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं, आणि तेव्हापासून त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल आदर दिसायला लागला. तो आदर अर्धा तास टिकला.

"मोरेश्वरभाऊ, पण तो माणूस आहे कुठं?" त्यांनी विचारलं.

होय की! आतापर्यंत हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खांबावर कोणी दिसत नव्हतं. राहिला तो कौलांखालचा माळा, जिथून जुनी वायर जाते. म्हणजे माणूस वर आहे. हाक मारत नाही. याचा अर्थ काय? उकाड्यानं चक्कर येऊन पडला असणार!

"शिडी आणा!" मी ओरडलो.

शिडी आली. मी चढलो. माळ्याच्या भोकातून अर्धा वर गेलो, कमरेपासून खाली पाय तसेच चॅपलमध्ये लोंबकळत. वर कबुतरांचा शंभर वर्षांचा ठेवा. "भाऊ! ओ भाऊ! घाबरू नका, मी आलो आहे!" एक कबूतर माझ्या डोक्यावरून उडालं. बाकी शांतता. आणि त्या शांततेत खालून मार्थाबाईंचा आवाज ऐकू आला. त्यांनी सगळ्यांना उभं केलं होतं आणि प्रार्थना सुरू केली होती.

"हे प्रभू, तारेवर अडकलेल्या त्या माणसाला सांभाळ. आम्हाला त्याचं नाव माहीत नाही, पण तुला माहीत आहे. त्याला बुद्धी दे, बळ दे, आणि सुखरूप खाली आण."

"आमेन," सगळे म्हणाले. मीही म्हणालो, वरून, कबुतरांमध्ये हात जोडून. डोळे भरून आले होते हो माझे! घरी त्याची बायको वाट पाहत असेल, असंही मनात येऊन गेलं. बायको खाली पहिल्या बाकावर बसून माझ्या पायांकडे बघत होती.

उतरलो तेव्हा साडेपाच. ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. दुर्गपर्यंत पाऊण तास तरी हवाच. शोभा माझ्याजवळ आली, माझ्या केसांतलं कबुतराचं पीस काढलं आणि हळूच म्हणाली, "अजी, निघा लागन आता. गाडी सुटन. बाबाले मी समजावते."

काय सांगू तुम्हाला, तेव्हा मला खरंच रडू आलं. एवढी एक गोष्ट मागितली होती म्हाताऱ्यानं. आयुष्यभर लोकांना विजेचा उजेड पुरवला, आणि स्वतःच्या बापासाठी एक झिरोचा बल्ब पेटवता येईना! मी बाबांना शोधायला वळलो, तर ते बाकावर नव्हते.

ते मागच्या खोलीत पोचले होते, भिंत चाचपत चाचपत. मेन स्विचसमोर उभे होते आणि टॅग उचलून खालचं कुलूप बोटांनी हळूहळू पाहत होते.

"बाबा, हात लावू नका! कोणाचं तरी आहे ते!"

"हाव. कोनाचं तरी आहेच," बाबा म्हणाले. त्यांचा अंगठा कुलपाच्या एका कोपऱ्यावर थांबला. "इथं खाली खोच आहे. मालगाडीच्या डब्यावर आपटलं होतं हे माह्या हातून. मोऱ्या, हे त माह्या बत्तीखोलीचं कुलूप आहे."

साहूनं टॅग उलटा केला. मार्थाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा स्पष्ट आवाजात वाचलं, "मोरेश्वर. इलेक्ट्रिकल."

आणि मग मला आठवलं. साखळी! साखळीला तेल घालताना शिडीवर चढण्यापूर्वी मी, नियम म्हणजे नियम, पुन्हा मेन बंद केला होता, पुन्हा कुलूप लावलं होतं, पुन्हा टॅग टांगला होता. मग शोभाचा फोन. मग थेट घर. पिशवी उघडून पाहायची गरज कोणाला? कुलूप पिशवीतच असणार, इतकी माझी शिस्त!

"आन् चावी?" शोभानं विचारलं.

मी खिशात हात घातला. स्कूटरच्या चावीबरोबर, त्याच रिंगमध्ये. बिजली ऑफिसपर्यंत गेली होती ती माझ्याबरोबर, आणि परतही आली होती. कटरवाला ड्युटीमन म्हणाला, "अंकल, मेरा खाना ठंडा हो गया।" त्याहून जास्त तो काही बोलला नाही. भला माणूस.

कुलूप काढलं. मेन चालू केला. सगळे पंखे एकदम फिरायला लागले, आणि वेदीसमोर ती बत्ती लागली. लाल. शोभानं बाबांना हाताला धरून तिच्याखाली नेलं. बाबांनी मान वर केली. त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांत दोन बारीक लाल ठिपके दिसत होते. बाहेर ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता, पण बाबा पुरतं मिनिटभर तसेच उभे राहिले, आणि आम्हीही.

"दिसते का, बाबा?" मी विचारलं.

"दिसते ना. मस्त दिसते," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी काळजीनं म्हणाले, "पण मोऱ्या, तो तारेवरचा माणूस सापडला का?"

सगळं चॅपल हसलं. मार्थाबाईसुद्धा. देवासमोर!

गाडी मिळाली. तीन मिनिटं उरली होती. बाबा आता नागपूरला मजेत आहेत. दर रविवारी चारच्या सुमारास त्यांचा फोन येतो. बत्ती लागली का विचारतात, मी हो म्हणतो. मार्थाबाईंनी आता ते कामच माझ्याकडे दिलं आहे, त्यामुळे मी जातोच. पण चॅपलमध्ये शिरलो की आधी त्या माझा खिसा तपासतात. आणि उपासनेच्या शेवटी आजारी लोकांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी प्रार्थना झाली की मार्थाबाई माझ्याकडे बघतात आणि एक ओळ अजूनही म्हणतात, "त्याला बुद्धी दे."

पंधरा-वीस माणसं एका आवाजात म्हणतात, "आमेन." सगळ्यात मोठा आवाज शोभाचा असतो.